वरच्या मजल्यावरची ठोकाठोक

३ नोव्हेंबर

ताई,

तुझं कार्ड पोचलं. चित्र छान आहे. डोंगर, डोंगरावर ढग, आणि ढगांच्या मधोमध तुमचा मठ, काडेपेटीएवढा. मागच्या बाजूला चार ओळी. इतक्या वर्षांनी लिहायला बसलीस आणि चार ओळींत आटोपलंस, म्हणजे तुझी काटकसर अजून सुटलेली नाही.

हे गेल्याचं तुला कोणी कळवलं ते तू लिहिलं नाहीस. मी तरी कळवलं नव्हतं. ‘एकटी राहू नकोस, माझ्या शेजारची खोली रिकामी होते आहे, थंडी संपायच्या आत मठाच्या मोठ्या बाईंना काय ते सांगायचं आहे, देव सांभाळून घेतो.’ हे वाचून मी कार्ड उलटं केलं, डोंगर बघितला, पुन्हा सुलटं केलं. खरं सांगते, हसू आलं. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा ‘मला आतून हाक येते आहे’ असं म्हणून तू पिशवी उचललीस आणि चालू लागलीस. हाक मलाही येत होती, ताई. पलीकडच्या खोलीतून, दिवसातून पन्नास वेळा. ती आई मारत होती.

असो. जुना राग उकरून काढायला हे पत्र लिहीत नाही. (थोडं त्यासाठीही लिहिते आहे.)

मी बरी आहे. ह्यांचं काम मीच पुढे चालवते आहे, म्हणजे खरं तर संपवते आहे. लोकांनी दुरुस्तीला दिलेल्या खुर्च्यांनी आतली खोली भरली आहे. कुणाची बैठक फाटलेली, कुणाची स्प्रिंग वर आलेली. जुना काथ्या उपसायचा, नवा कापूस भरायचा, वरून कापड ताणून बारीक खिळे मारायचे. ह्यांच्या शेजारी बसून इतकी वर्षं काढली, त्यामुळे हात आपोआप चालतो. खिळे तोंडात धरायची सवयसुद्धा ह्यांचीच लागली. ओठांत मूठभर खिळे, एकेक जिभेने पुढे आणायचा, दोन हलके ठोके मारून बसवायचा आणि एका जोरदार ठोक्यात आत घालवायचा. फक्त नजर ह्यांच्यासारखी नाही माझी, म्हणून टेबल आतल्या खोलीतून ओढत खिडकीशी आणलं आहे. तिथे उजेड भरपूर. भिंतीलगत पाण्याचा जुना लोखंडी पाइप आहे, त्याला टेबल टेकतं, पण त्याला इलाज नाही.

त्या पाइपची एक गंमत आहे. सकाळी तळमजल्यावरचे काका पंप सुरू करतात आणि पाइपवर एकदा वाजवतात. वरची टाकी भरली की मी चमच्याने एकदा वाजवते, मग ते पंप बंद करतात. सगळी बिल्डिंग त्यांना पंपकाका म्हणते. दिवसभरात माझं माणसांशी बोलणं काय ते एवढंच.

बाकी शेजारी आहेत, नाहीत असं नाही. हे गेले तेव्हा सगळे वर आले, उभे राहिले, गेले. मग मी दार लावून घेतलं. माणसं जमवणं हे ह्यांचं खातं होतं. मला ते कधी जमलं नाही, आणि आता या वयात कोण शिकणार. तुझ्या मालकाशी, त्या देवाशीही, माझं बोलणं बंद आहे. ह्यांच्यासाठी मी त्याच्याकडे इतकं तोंड वेंगाडलं आणि त्याने ढुंकूनही बघितलं नाही. त्यामुळे ‘सांभाळून घेतो’ वगैरे माझ्यापुढे नको.

खुर्च्या संपल्या की बहुतेक येईन. तुझ्या ओढीने येते आहे असं समजू नकोस. इथे थांबायला काही कारण उरलेलं नाही, एवढंच.

धाकटी


१५ नोव्हेंबर

ताई,

इतक्यात पुन्हा लिहीन असं मला वाटलं नव्हतं, पण एक गोष्ट घडली. तुझ्याशिवाय ती सांगायला कोणी नाही.

परवा दुपारी एका खुर्चीने माझा पार जीव खाल्ला. कापड ताणावं तर शिवण उसवे, सैल सोडावं तर सुरकुती पडे. ह्यांनी एका हाताने धरलं असतं आणि मी ठोकलं असतं, दोन मिनिटांचं काम. शेवटी मी हातोडी आपटली आणि छताकडे बघून चक्क ओरडले, “एवढा मोठा तू, तुझ्याकडे पाठवायला एक माणूस नाही?” मग पुन्हा खिळे तोंडात घेतले आणि रागारागाने, एरवीपेक्षा दुप्पट जोराने, ठोकत सुटले.

आणि दार वाजलं.

पंपकाका उभे होते. धापा टाकत, एक हात कठड्यावर, दुसरा गुडघ्यावर. म्हणाले, “काय हवंय? बरं आहे ना सगळं?” माझ्या तोंडात खिळे. मी मान हलवली, त्यांना वाटलं ‘नाही’ म्हणते आहे. ते आत आले, इकडेतिकडे बघितलं, खुर्ची बघितली, आणि कोणी सांगितल्यासारखं कापडाचं टोक दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. मी ठोकलं. खुर्ची झाली. मग त्यांनी स्वयंपाकघरातला गळका नळ घट्ट केला, पाणी प्यायले आणि गेले. मला एक शब्द बोलता आला नाही, कारण मी खिळे काढेपर्यंत ते जिन्यात होते.

योगायोग, म्हणशील. मीही तेच म्हटलं. पण काल पहिल्या मजल्यावरची मास्तरीणबाई आली. तिचे यजमान भूगोल शिकवतात. घरातलं सगळं बोलणं ते एकटेच वापरून टाकतात, तिच्या वाट्याला काही उरत नाही. मी ह्या बाईचा आवाज अजून ऐकलेला नाही. हातात झाकलेलं पातेलं, गरम सूप. पातेलं ठेवलं, माझ्याकडे नीट निरखून बघितलं, मी जिवंत आहे अशी खात्री झाल्यावर खाली बसली आणि जुना काथ्या विंचरायला लागली. सांगायला नको, विचारायला नको. खिडकीतून ऊन येत होतं, काथ्याची धूळ त्यात तरंगत होती, आणि ती बाई आपली काथ्याच्या गाठी सोडवते आहे. मला वाटलं, मी जागी आहे की डुलकी लागली आहे?

ती गेल्यावर पातेलं हाताला गरम लागलं, म्हणून मानलं की जागी होते.

मी त्याच्यावर ओरडले आणि माणसं आली, एवढं तुला कळवते. त्याचा अर्थ तू लावू नकोस. मीही लावलेला नाही.

धाकटी


२८ नोव्हेंबर

ताई,

आता अर्थ लावायची वेळ आली आहे असं दिसतं.

कोणी ना कोणी येतंच आहे. मी कामाला बसते, तोंडात खिळे घेते, आणि थोड्या वेळाने जिन्यात पावलं वाजतात. काकांची पावलं जड आहेत, प्रत्येक मजल्यावर थांबून येतात. मास्तरीणबाईची ऐकूच येत नाहीत, एकदम दारात उभी दिसते. तिसरी आता एक भर पडली आहे, दुसऱ्या मजल्यावरची नर्स.

तिची रात्रपाळी असते. दुपारी तिने झोपायला हवं, तर ही वर आली. आल्याआल्या माझं मनगट धरलं, नाडी बघितली, पापणी खाली ओढून डोळा बघितला. मी मान हलवत होते, खिळे सांभाळत होते. “ठीक आहे तुमचं,” म्हणाली, आणि “पाचच मिनिटं टेकते हं,” म्हणून जी अर्धवट आरामखुर्ची होती, वर कापड नाही, नुसता कापूस, तिच्यात बसली. बसली ती झोपलीच. पायांत बूट तसेच.

ठोकलं तर ती जागी होईल, म्हणून मी हातोडी खाली ठेवली आणि नुसती बसून राहिले. कामाशिवाय बसणं मला माहीत नाही, तुला ठाऊक आहे. हळूहळू ऊन खिडकीतून सरकत तिच्या बुटांवर आलं, मग गुडघ्यांवर, मग मांडीवर उपड्या पडलेल्या हातांवर. कापसाचे तंतू तिच्या केसांत अडकले होते आणि तिच्या श्वासाबरोबर त्यातला एक हलत होता, वर, खाली, वर, खाली. मी त्या एका तंतूकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. खाली कोणीतरी बादली सरकवली, पलीकडच्या रस्त्यावर गाडी गेली, ते सगळं कुठूनतरी लांबून आल्यासारखं. आणि ताई, मला वाटलं की खोलीत आणखी कोणी आहे. भीती नाही वाटली. ह्यांचा भास म्हणशील तर तसंही नाही, ह्यांचा असता तर मी ओळखला असता, खोकला आला असता आधी. ती झोपलेली, मी बसलेली, आणि कोणीतरी आम्हा दोघींकडे बघतं आहे, कौतुकाने. आई आपण झोपलो की दारात उभी राहून बघायची ना, तसं.

ती उठली तेव्हा ऊन भिंतीवर गेलं होतं.

“मी झोपले होते?”

“छे. डोळे मिटले होते नुसते.”

“माझ्या खोलीत झोप लागत नाही हो. डोळे मिटले की पेशंट दिसतात.”

“इथे तर त्याहून जास्त उजेड आहे.”

“इथे तुम्ही जाग्या होतात ना,” ती म्हणाली आणि केसांतला कापूस न काढता खाली गेली.

आता तू सांग. तुझा सगळा जन्म त्याच्या दारात गेला आहे, तुला माहीत असेल. हे असंच असतं का? तुम्हाला तिथे प्रार्थनेत जे होतं ते हेच, की हे काही दुसरंच? मला विचारायची लाज वाटते, पण त्या दिवसापासून मी त्याच्याशी पुन्हा थोडं बोलायला लागले आहे. अजून नीट नाही. ‘काय रे’ एवढंच म्हणते.

धाकटी


१९ डिसेंबर

ताई,

तुझं उत्तर आलं, या वेळी पानभर. मी दोनदा वाचलं आणि चिडले. मी तुला विचारलं काय आणि तू लिहितेस काय! सूप कशाचं होतं, नर्स घोरते का, काका कोणत्या मजल्यावर जास्त वेळ थांबतात. मी देवाचं विचारलं त्यावर एक अक्षर नाही. मला वाटलं, मोठ्या माणसांसारखं टाळते आहेस. लहानपणीही मी काही विचारलं की ‘तुला कळायचं नाही’ म्हणायचीस.

पण आता त्याची गरजच राहिली नाही. सगळा उलगडा झाला आहे. ऐक आणि पोट धरून हस.

काल मी खाली पंपकाकांकडे गेले. इतकी वर्षं या घरात राहते, पण त्यांच्या खोलीत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. त्यांच्या गुडघ्यांसाठी खुर्चीची एक जाड गादी शिवली होती, ती द्यायला. बसले, चहा झाला. कोपऱ्यात तोच लोखंडी पाइप. मी म्हटलं, “काका, तुम्ही सगळे नेमके वेळेवर कसे येता हो? मी मनात म्हणायचा अवकाश!”

त्यांनी कप खाली ठेवला. “मनात कशाला? पाइपवर वाजतं की.”

“मी? मी सकाळी एकदा वाजवते तेवढंच.”

“एकदा म्हणजे पाणी. दोन आणि एक म्हणजे ‘वर या’. तुमच्या साहेबांनीच ठरवलेलं आहे हे. छातीत दुखायला लागलं होतं त्यांना, तुम्ही खुर्च्या पोचवायला बाहेर गेलात की ते वाजवायचे, जो घरी असेल तो वर जायचा. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते. तुम्ही मग बाहेर पडणंच बंद केलं असतं.”

दोन हलके आणि एक जोरदार. माझी हातोडी, ताई. टेबल पाइपला टेकलेलं.

मी तिथे हसले. काकांना बरं वाटावं म्हणून चहाचं कौतुकही केलं. मग जिना चढायला लागले आणि दुसऱ्या मजल्यावर थांबले. मी बाहेरून यायचे तेव्हा ह्यांच्या उशाशी पाण्याचा ग्लास भरलेला असायचा, खिडकी लावलेली असायची. मी ओरडायचे, “कशाला उठलात? डॉक्टरांनी काय सांगितलंय?” हे माझं सगळं ऐकून घ्यायचे आणि हसायचे. ते हसणं मला काल कळलं, कठड्याला धरून उभी असताना. तिथे मी रडले. पण ते रडणं ह्यांच्यासाठी होतं, ते चांगलं होतं.

घरात आल्यावर जे वाटलं ते चांगलं नव्हतं. माझी फजिती झाली, ताई. मी देवाशी बोलायला लागले होते! तुला पत्रं लिहून विचारत होते, हे असंच असतं का म्हणून! आणि ती बिचारी माणसं, कुणाचे गुडघे दुखताहेत, कुणाची झोप मोडते आहे, ती माझ्या हातोडीच्या हुकमावर जिने चढत होती. मी मात्र तोंडात खिळे धरून मान डोलावत बसले होते, महाराणीसारखी. या म्हातारपणी हेच बघायचं राहिलं होतं.

संध्याकाळी टेबल ओढत पुन्हा आतल्या खोलीत नेलं. कमी दिसतं, दिवा लावून काम करते. आता कुणाला त्रास नाही. मोठ्या बाईंना सांग, मी येते आहे. खोली दुसऱ्या कुणाला देऊ नका. निदान तिथे तुझ्या मालकाचं अधिकृत घर तरी आहे, हातोडीने फसायची भीती नाही.

धाकटी


२३ डिसेंबर

ताई,

मागचं पत्र मोठ्या बाईंना दाखवलं नसशील तर अजून दाखवू नकोस.

टेबल हलवल्यावर तीन दिवस घर अगदी गप्प होतं. मी आतल्या खोलीत काम करत होते, ठोके त्या भिंतीतच जिरत होते. जिन्यात कोणी नाही. मी स्वतःला सांगितलं, बघ, हिशेब बरोबर आहे, हातोडी बंद तर माणसं बंद. आणि ताई, मला इतकं एकटं वाटलं की ह्यांना नेलं त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मला माहीत नव्हतं ना काय गमावण्यासारखं आहे या जिन्यात.

काल दुपारी दारावर थापा पडल्या. एक नाही, चांगल्या चारपाच, दार मोडून टाकतील अशा. उघडलं तर तिघं उभी. काकांना श्वास पुरत नव्हता, नर्स उलटसुलट चपला घालून आलेली, मास्तरीणबाईचे हात कोपरापर्यंत पिठाचे.

“काय झालं?” नर्स ओरडली. “ठोकणं का थांबलं?”

माझ्या तोंडात नेहमीप्रमाणे खिळे. पण या वेळी मी ते ओंजळीत थुंकले. आता बोलायलाच हवं होतं.

“काही झालं नाही. तुम्हाला उगाच त्रास होत होता. ते वाजवणं नव्हतं, हातोडी होती. मला ती खूण माहीतच नव्हती. मी कधी कुणाला बोलावलंच नाही.”

काका पायरीवरच बसले. “एवढंच ना? मला वाटलं काय झालं. ते आम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे म्हणजे?”

“अहो, कळलं होतं दुसऱ्याच दिवशी. चहाच्या वेळी तेच सांगणार होतो, तर तुम्ही हसून उठलात.”

आणि मग मास्तरीणबाई बोलली. आवाज खर्जातला, जाड, माझ्या अंदाजापेक्षा अगदी वेगळा. “ज्याला कोणी हवं असतं ना,” ती म्हणाली, “तो वाजवतो आणि थांबतो. कान देतो, खालून कोणी निघालं का म्हणून. साहेब तसे थांबायचे. तुम्ही थांबतच नव्हता. तुम्ही आपल्या सुटलेल्या.”

“मग कळल्यावर कशाला येत राहिलात?”

मला वाटतं मी जरा मोठ्यानेच विचारलं. काका गुडघा चोळत म्हणाले, “एवढं चढून आल्यावर काय, हातोडी आहे म्हणून परत फिरायचं?” नर्स हसायला लागली. “मला तर झोप मिळत होती,” ती म्हणाली. मास्तरीणबाई नाही हसली. तिने पिठाच्या हातांनी माझी ओंजळ धरली, खिळ्यांसकट.

“तुम्ही बोलावत नव्हतात, म्हणून,” ती म्हणाली.

मी काही रडूबाई नाही, तुला माहीत आहे. आईच्या वेळीही मी सगळं उरकून मग रडले. पण काल मी दारात उभी राहून लहान मुलीसारखी रडले, नाक पुसायला हात मोकळा नव्हता तरी. मग सगळी आत आली. काकांनी आणि नर्सने टेबल उचलून पुन्हा खिडकीशी ठेवलं, पाइपला टेकवूनच. “असू दे,” काका म्हणाले, “आवाज आला की बरं वाटतं. वरती कोणी आहे असं वाटतं.”

रात्री विचार करत होते. खुणेमुळे ती एकदा आली, ती चूक होती हे खरं. पण त्यानंतर रोज आली ती चुकीने नाही आली. मला त्या दुपारी कोणीतरी कौतुकाने बघतं आहे असं वाटलं, ते खोटं होतं असं आता मला म्हणवत नाही. तो काकांच्या दुखऱ्या गुडघ्यांवर जिना चढून येत असेल तर येवो बापडा. मी त्याला दुसऱ्या कुठल्या रस्त्याने ये म्हणून सांगणारी कोण?

मला तुझ्याकडे यायचं की नाही, ते आता मला कळेनासं झालं आहे. थोडे दिवस दे.

धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं. इतकं मोठं पत्र तू जन्मात कुणाला लिहिलं नसशील. मी ते खिडकीशी बसून वाचलं, मग खाली जाऊन मास्तरीणबाईपुढे बसले. तिला वाचून दाखवलं नाही, नुसती बसले. ती काही विचारत नाही, हे तिचं मोठं सुख आहे.

तू लिहितेस की इतकी वर्षं तू घंटेला उठलीस, घंटेला बसलीस, सगळं केलंस, आणि तुला तिथे एकदाही कोणी भेटलं नाही. आधी वाटलं, उद्या भेटेल. मग वाटलं, माझंच काही चुकतं आहे. मग सवय झाली. मी नर्सच्या झोपेचं लिहिलं ते वाचून तुला हेवा वाटला, आणि मी विचारलं ‘हे असंच असतं का’ त्यावर तुला उत्तर देता आलं नाही, कारण तुला माहीतच नाही. म्हणून तू सूप कशाचं होतं ते विचारलंस. ताई, मी तुझ्यावर किती चिडले होते! आणि तू तिकडे माझी पत्रं उशीखाली ठेवून पुन्हा पुन्हा वाचत होतीस.

खोकला थंडीभर आहे, तेही शेवटी लिहिलंस, जाता जाता. मला तिथे बोलावलंस ते माझ्या एकटेपणासाठी नव्हतं, तुझ्या होतं. तिथे मौनाचा नियम आहे, दाराला दार लागून आहे, पण इतक्या वर्षांत तुझं दार कोणी वाजवलं नाही. ‘इथेच अशीच संपेन आणि सकाळच्या घंटेला मी आले नाही एवढ्यावरूनच कळेल’ असं तू लिहिलंस. 

आता माझं ऐक. मोठ्या बाईंना सांग, माझ्या बहिणीला खोली नको आहे. आणि तुझीही रिकामी होते आहे.

तू म्हणशील, कोणत्या तोंडाने खाली उतरू? ज्याच्यासाठी घर सोडलं, आईला सोडलं, तो आलाच नाही, हे जगाला काय सांगू? जे तोंड आहे त्याच तोंडाने उतर, ताई, दुसरं आणायचं कुठून. कोणी काही विचारणार नाही. मास्तर विचारतील, पण उत्तरही तेच देतील. जिन्याची काळजी करू नकोस. प्रत्येक मजल्यावर टेकायला मी स्टूल ठेवणार आहे, काकांनाही सोय होईल. नर्सने तुझ्या खोकल्याची सगळी विचारपूस केली आणि मला उत्तरं देता आली नाहीत, तेव्हा इतकी वैतागली की जणू मीच खोकते आहे. तिला तू आत्ताच तिची पेशंट झाली आहेस.

मी तुला माफ केलं आहे असं मात्र समजू नकोस. आईचं माझ्या पोटात आहे तसंच आहे. ती शेवटी तुझं नाव घेत होती, हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण मी उशाशी बसले होते आणि ती तुला शोधत होती. त्यावर आपलं एक दणदणीत भांडण व्हायचं आहे, आणि ते पत्रात होत नाही. समोरासमोर बसून, चहा गार होईपर्यंत भांडायचं आहे मला. त्यासाठी तू जिवंत हवी आहेस.

तू ‘ये’ म्हटल्यावर येणारी नाहीस, ते मला ठाऊक आहे. लाजेने बसून राहशील. माझ्याकडून हाकेची वाट बघशील, किंवा त्याच्याकडून, आणि दोन्हींतलं एकही तुला पुरेसं वाटणार नाही. म्हणून मी विचारत नाही. उद्या सकाळी पाणी भरून झालं की मी निघते आहे. काकांनी गाडीचं बघून दिलं आहे, मास्तरीणबाईने वाटेसाठी डबा दिला आहे, दोघींना पुरेल एवढा, परतीचाही. हे पत्र आधी पोचेल की मी, सांगता येत नाही.

तुझ्या दारावर थाप पडली की उघड. न्यायला ये म्हणून तू मला बोलावलं नव्हतंस, मला माहीत आहे. आत इतकी वर्षं कोणी आलं की नाही ते आपण वाटेत बोलू. बाहेर मी असेन.

तुझी
धाकटी